हिरव्या चटणीचे सरगुंडे

१९७४ च्या मार्च महिन्यात, बाजाराचा दिवस नसलेल्या एका संध्याकाळी, किन्हीराजा गावात आमच्या घरी दोन पाहुणे न सांगता आले. त्यांना उकडलेले सरगुंडे हिरव्या चटणीशी वाढले गेले. ती चटणी कोणत्या पानांची होती, याची खात्री आजपर्यंत झालेली नाही.

मार्च पुन्हा आला आहे. वाशिमच्या माझ्या घरात सध्या परीक्षा आहे. थोरल्या बहिणीची नात सम्यका बारावीला आहे आणि शाळा इथून जवळ पडते म्हणून माझ्याकडे राहते. परवा संध्याकाळी पुस्तक मिटून ती स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "आजी, आज तू बस. मी पास्ता करतो. भाजी चिरायची नाही, कणीक मळायची नाही, पटकन होते." खिडकीतल्या कुंडीतली पानं तिनं खुडली, लसूण आणि भाजलेले दाणे घेतले, तेल ओतलं, मिक्सर फिरवला. पातेल्यातल्या पोकळ नळ्या शिजल्या तशा गाळून त्या हिरव्या वाटणात घोळल्या. याला पेस्टो म्हणतात, असं तिनं सांगितलं. पानं कसली, असं विचारल्यावर म्हणाली, बेसिलची. बेसिलचं बी कुठून आणलं? तर सरबतात टाकायच्या सब्ज्याच्या पुडीतलं चिमूटभर बी तिनं कुंडीत टाकलं होतं. "सब्जाच ना तो. नाव बदललं फक्त."

पहिला घास तोंडात घेतला आणि मी थांबले. चव ओळखीची वाटली. दुसऱ्या घासाला वाटली नाही. तिसऱ्याला पुन्हा वाटली. पोरगी समोर बसून विचारत होती, "मीठ कमी पडलं का?" मी मान हलवली. ती ‘हो’ची होती की ‘नाही’ची, हे तिला कळलं नसावं. मलाही ते तेव्हा सांगता आलं नसतं.

किन्हीराजा त्या काळी अकोला जिल्ह्यात होतं. दुष्काळ सरून पहिला बरा गहू त्या हंगामात निघाला होता. फेब्रुवारीच्या शेवटापासून गावभर मळणीचा भुसा उडत असे. दुपारी तो ओसरीवर, पाण्याच्या माठावर, वहीच्या पानांवर बसे. बोटानं वहीवरची धूळ पुसली की खाली शाईची अक्षरं निघत. रस्त्याच्या कडेचे पळस लाल झाले होते. विहिरींना पाणी होतं आणि लोक अजून त्याचं आश्चर्य करत होते.

नवा गहू आला की वस्तीतल्या बायका सरगुंडे करायला घेत. गव्हाचा रवा घट्ट भिजवायचा, कुटून मऊ करायचा, सुपारीएवढी गोळी घ्यायची, गुळगुळीत बारीक काडीवर ठेवून तळहातानं वळत न्यायची. पीठ काडीभोवती लांब होत जातं. मग काडी हळूच ओढून घ्यायची. पोकळ नळी राहते. ती सुपात, सावलीत वाळवायची. वाळलेला सरगुंडा ठेवला तर पावसाळ्यापर्यंत टिकतो, आणि पाण्यात टाकला की भाकरी थापून होण्याच्या आत शिजतो. खायचा तो गुळाच्या पाण्याशी, आंब्याच्या दिवसांत रसाशी. तिखटाशी सरगुंडे खाल्लेले मी त्या संध्याकाळच्या आधी पाहिले नव्हते. नंतरही पाहिले नाहीत. परवापर्यंत.

आम्ही दोघी बहिणी. शांता अकरावीला, म्हणजे मॅट्रिकला. मी नववीत. दुपारी ओसरीवर बसून माय, शांता आणि मी सरगुंडे वळत असू. शांताच्या मांडीवर इतिहासाचं पुस्तक उघडं असे आणि हात काडीवर. ती ओठातल्या ओठात पाठ करी. एखादं साल आठवलं नाही की काडी थांबे आणि गोळी एका बाजूला जाड होई. माय म्हणे, "शांते, हे पाय, इथं तुही लढाई अडकली." जाड सरगुंडा मोडून पुन्हा वळावा लागे. त्या वर्षीच्या सुपात कितीतरी सरगुंडे असे दोनदा वळलेले होते.

परीक्षेनंतर काय, हा प्रश्न घरात होता. शांताला शिक्षिका व्हायचं होतं. मॅट्रिक झाल्यावर अध्यापक विद्यालयात दोन वर्षं काढायची, मग नोकरी. बाबा जनावरांच्या दवाखान्यात चपराशी होते. त्यांचा विरोध नव्हता, पण मुलीचं वय आणि लोकांचं बोलणं या दोन्ही गोष्टी त्यांच्या कानावर रोज पडत. दोन स्थळं येऊन गेली होती. दोन्हीकडची माणसं म्हणाली होती, शिकली तेवढं पुरे, आमच्या घरी वावराचं काम आहे. तिसरं स्थळ रिसोडचं. मुलगा प्राथमिक शाळेत मास्तर. त्याच्या वडिलांनी निरोप पाठवला होता की मुलगी हुशार असेल तर लग्नानंतर आम्ही शिकवू. असं म्हणणारं ते एकच घर होतं. निरोप आला त्या दिवसापासून शांता पहाटे उठून अभ्यास करू लागली.

मुलाचे वडील दौलतराव. रिसोडला नगरपालिकेत मुकादम होते आणि आजूबाजूच्या गावांतल्या वस्त्यांवर जाऊन सभा घेत. धर्म बदलला तर घरही बदललं पाहिजे, हे त्यांचं सांगणं. कुणाच्या घरात जुना देव, अंगारा, गंडा दिसला तर ते पाणीही न पिता उठत, अशी त्यांची ख्याती होती. बाबांना त्याची भीती वाटायचं कारण नव्हतं. १९५६ नंतर घरातले देव आपण स्वतः नाल्यात सोडले आणि दारातली तुळस उपटून टाकली, असं बाबा नेहमी सांगत. माय तेव्हा लग्न होऊन नवीनच त्या घरात आलेली होती. त्या दिवसाबद्दल ती कधी काही सांगत नसे. कुणी विचारतही नसे.

आता त्या झाडाबद्दल.

अंगणाच्या कोपऱ्यात दगडी नहाणी होती. तिचं पाणी वाहून जायचं तिथं मिरचीची दोन रोपं, थोडा लसूण आणि एक गुडघ्याएवढं झुडूप होतं. बारीक पानं, वर तुरे. ते केव्हा लावलं ते मला आठवत नाही. शांताला आठवतं, पण तिनं दोन वेगवेगळ्या वेळी दोन वेगवेगळी वर्षं सांगितली आहेत. त्याला ओटा नव्हता, त्याच्यापुढे दिवा लागत नव्हता. माय नहाणीतून निघताना उरलेलं पाणी त्याच्या बुडाशी टाकी. मिरचीलाही टाकी.

ते झाड तुळस होतं की सब्जा, हे पंधरा वर्षांच्या मुलीला कळायला हवं होतं, असं वाचणाऱ्याला वाटेल. आम्हाला कळत नव्हतं, आणि त्याचं कारण साधं आहे. आमच्या वस्तीत तुळस नव्हती. ती काढून टाकलेली होती. गावातल्या दुसऱ्या भागात दारोदारी वृंदावनं होती, पण त्या ओट्यांपर्यंत आम्ही जात नव्हतो. जाऊ दिलं जात नव्हतं. तुळस आम्ही रस्त्यावरून पाहिलेली होती. पान हातात घेतलेलं नव्हतं, चुरडून वास घेतलेला नव्हता. एका बाजूनं टाकलेली आणि दुसऱ्या बाजूनं शिवू न दिलेली अशी ती वनस्पती होती. तिची ओळख पटवण्याची वेळ आमच्यावर येईल, असं कुणाला वाटलं नव्हतं.

पाहुणे आले ते उन्हं उतरल्यावर. दौलतराव आणि त्यांची विधवा बहीण सखुबाई. रिसोडहून मालेगावमार्गे एस.टी.नं आले होते. वस्तीतल्याच एका नातलगाकडे मुक्काम करणार होते. दौलतराव उंच, पांढरा सदरा, खिशाला पेन. सखुबाई लहानखुरी, तोंडात दात कमी आणि बोलणं जास्त. ओसरीवर बसता बसताच ती म्हणाली, "सांगून आलो असतो तं तुमी घर सारवून ठेवलं असतं. मंग आमी पाह्यलं काय असतं?"

बाबा हसले. हसावं की नाही याची त्यांना खात्री नव्हती असं ते हसणं होतं.

घरात भाजी नव्हती. बाजार दोन दिवसांवर. मायनं चुलीवर आधण ठेवलं आणि सरगुंड्यांचं सूप खाली काढलं. मला गूळ फोडून पाण्यात टाकायला सांगितलं. शांता पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेली. दौलतरावांनी तिला एकच प्रश्न विचारला, "गणित कसं हाय तुहं?" ती म्हणाली, "बरं हाय." ते म्हणाले, "बरं नाही चालत. मास्तरनीले गणित पक्कं पाहिजे." मास्तरीण हा शब्द त्यांनी असा सहज वापरला. शांता आत आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. तिनं माझ्या हातातला गूळ घेतला आणि स्वतःच फोडू लागली.

मग दौलतराव पाय धुवायला नहाणीकडे गेले.

तिथं ते थांबले. आम्ही आतून दारातून पाहत होतो. त्यांनी खाली वाकून पाहिलं, सरळ झाले, आणि बाबांना हाक मारली.

"हे काय उभं करून ठेवलं, गा?"

"काय?" बाबा लगबगीनं गेले.

"हे. तुयस हाय ना?"

ज्या झाडाशेजारी रोज अंघोळ करत होते त्याच्याकडे बाबांनी पहिल्यांदाच पाहिलं. "नाही," ते म्हणाले, "तुयस नसन."

"नसन म्हंजे? हाय का नाही?"

"नसनच."

ओसरीवरून सखुबाई म्हणाली, "अव्वा! याच्या अंगनात काय उगवलं ते यालेच मालूम नाही."

दौलतरावांचा आवाज चढला नाही. सभेत बोलणारा माणूस खासगीत बोलताना आवाज खाली आणतो, तसा त्यांनी आणला. "हे पाहा. मी गावोगाव सांगतो, घर साफ करा. लोक मले म्हंतात, दौलतराव, आधी आपल्या सोयऱ्यायले सांगा. उद्या माह्या व्याह्याच्या दारात तुयस निघाली तं मी कोन्या तोंडानं सभेत उभा राहू? पोरीचं शिक्षन बाजूले राहो. मी इथं बसूच शकत नाही."

शांता गूळ फोडायची थांबली. एवढं मला स्वच्छ आठवतं. बत्ता वर, गूळ खाली, आणि ती दाराकडे पाहत असलेली.

मायनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, पदर सावरला आणि दारात येऊन उभी राहिली. "सबजा हाय तो, मामा," ती म्हणाली. "पिराजवयून बी आनलं होतं. उनायात पान्यात टाकाले."

"तुयस काढली अन् पीर आनला घरात?"

"बी आनलं. पीर तिथंच हाय."

सखुबाई खळखळून हसली. दौलतराव हसले नाहीत, पण त्यांचा चेहरा किंचित सैल झाला. ते म्हणाले, "मले तं दोनी सारखेच दिसते. मी काय बागेतला मायी हाय का?"

सखुबाई उठून झाडाजवळ गेली. तिनं एक पान तोडलं, बोटांत चुरडलं, नाकाशी नेलं. सगळे तिच्याकडे पाहत होते. ती म्हातारी होती. तिच्या बालपणी वस्तीतल्या दारांत तुळस असणार. तिला कळायला हवं होतं. ती म्हणाली, "मले वास कुठं येते आता. नाक तं कवाचंच मेलं."

तिनं खरंच तसं म्हटलं, यावर शांताचं आणि माझं एकमत आहे.

तेव्हा माय म्हणाली, "तुयस कोनी चटनीत वाटते का?"

"नाही वाटत," सखुबाई म्हणाली.

"मी वाटतो. आज याचीच चटनी हाय."

बाबा म्हणाले, "सरगुंड्यासंगं चटनी? गोडाचं असते ते."

"आज तिखटाचं हाय."

इथून पुढे आमच्या दोघींच्या आठवणी फुटतात. माझ्या आठवणीत माय सरळ नहाणीकडे गेली, झाडापुढे बसली आणि ओंजळीत पानं ओरबाडून घेऊन आली. तिच्या हाताला लागलेला हिरवा रंग मला दिसतो. शांताचं म्हणणं वेगळं आहे. तिच्या म्हणण्याप्रमाणे माय झाडापर्यंत गेली, दिवेलागण झालेली होती म्हणून कंदील हातात धरून उभी राहिली, आणि म्हणाली, "शांते, तू तोड." पानं शांतानं तोडली. मायनं झाडाला हात लावला नाही.

हे दोन्ही खरं असू शकत नाही. काल रात्रीपर्यंत मला त्यात फरक काय, हेही समजत नव्हतं.

झालं असं की पास्ता खाल्ल्यानंतर मी ठरवलं, दोन्ही पानं शेजारी ठेवून चव घेऊन पाहावी. सब्जा कुंडीत होताच. तुळशीसाठी खालच्या मजल्यावरच्या सुलभाताईंकडे गेले. आमचा वीस वर्षांचा शेजार आहे. साखर, दूध, चाव्या, सगळं एकमेकींकडे जातं. त्यांच्या दारात ऐसपैस तुळस आहे. मी म्हटलं, दोन पानं हवीत.

"तुम्हाले तुळस कायले लागते?" त्या म्हणाल्या. "खोकला झाला का?"

"चव पाहायची आहे."

त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. मग म्हणाल्या, "पाहा ना, कोन नाही म्हन्ते. पन आता नाही. दिवेलागणीनंतर तुळस तोडत नसतात. सकाळी देतो. मीच आनून देतो, तुमी येऊ नका."

त्या सकाळी घेऊन आल्या. छोट्या वाटीत चार पानं, पाणी शिंपडलेली. जिन्यात उभ्या राहून त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, म्हणून मी त्यांच्यासमोरच एक चावलं. तिखट, लवंगेसारखं, मागून कडसर. नंतर सब्ज्याचं पान चावलं. गोडसर, बडीशेपेकडे झुकणारं. दोन्ही इतकी वेगळी आहेत की लहान मूलही गल्लत करणार नाही. आणि तरी त्या संध्याकाळच्या चटणीची चव यातली कोणती, हे मला सांगता येईना. आठवणीत लसूण आहे, मिरची आहे, भाजलेल्या जवसाचा खरपूसपणा आहे, करडईचं तेल आहे. पान जिथं असायला हवं तिथं फक्त हिरवा रंग आहे.

सुलभाताईंनी विचारलं, "काय झालं वं? एवढा कायचा विचार करून राह्यल्या?" मी त्यांना थोडक्यात सांगितलं. त्यांनी ऐकलं. मग म्हणाल्या, "अन् सांजेले तोडली?" एवढंच. वाटी घेऊन खाली गेल्या.

सम्यकाला हा सगळा गोंधळ अनावश्यक वाटतो. "आजी, तुरे होते ना झाडाले? मग बी पान्यात टाकून पाहायचं. फुगलं की सब्जा. दोन मिनिटांचं काम." हे तेव्हा कुणालाच सुचलं नाही. दौलतरावांना नाही, बाबांना नाही. सखुबाईला सुचलं असेल तर ती बोलली नाही. आणि मायला? माय म्हणाली होती की बी उन्हाळ्यात पाण्यात टाकायला आणलंय. त्याआधीच्या दोन उन्हाळ्यांत पाणीच नव्हतं. सरबताची आठवण मला नाही. शांताला एक पितळी पेला आणि त्यात तरंगणारं काळं बी आठवतं. पण ते आजोळी असेल, असंही ती म्हणते.

पाटा मी धुतला. वाटलं मायनं. पान, लसूण, हिरव्या मिरच्या, जवस, मीठ. वरवंटा तिनं नेहमीपेक्षा जोरात चालवला, किंवा घरात कुणी बोलत नव्हतं म्हणून तो मोठा वाटला. हिरवा वास अंगणापर्यंत गेला. सरगुंडे उकळत्या पाण्यात पडले, वर आले. शांतानं ते टोपलीत निथळायला टाकले. परातीत गरम सरगुंडे, वर चटणी, वर तेल. मायनं हातानं सगळं हलकं कालवलं. पोकळ नळ्यांत चटणी शिरली. पांढऱ्यावर हिरवं, मधूनमधून जवसाचे तपकिरी ठिपके. आता ताटाचे फोटो काढतात. सम्यकानंही परवा काढला. तो पाहताना मला परात दिसत होती.

पहिला घास दौलतरावांनी घेतला. बाबा त्यांच्या जबड्याकडे पाहत होते. दौलतरावांनी चावलं, गिळलं, आणि ठसका लागला. "मिरची लय हाय," ते म्हणाले.

"अन् पान?" बाबांनी विचारलं. विचारायला नको होतं.

"मिरचीपुढं पान कुठं समजते?"

सखुबाई खाली मान घालून खात होती. दात कमी असल्यानं सरगुंडे तिला सोयीचे पडत होते. तिनं ताटली पुढं केली, पुन्हा घेतलं. परत पुढं केली. तिसऱ्यांदा वाढताना माय म्हणाली, "आत्याबाई, सावकाश." सखुबाईनं ताटलीतून वर पाहिलं आणि म्हणाली, "लय दिवसानं खाल्लं वं माय."

दौलतरावांनी मान वळवली. "काय लय दिवसानं?"

"पोटभर," सखुबाई म्हणाली. "तुह्या घरी तं जेवता जेवता भाषन आयकाव लागते."

बाबा मोठ्यानं हसले. या वेळी खात्रीनं. दौलतरावही हसले आणि हात धुवायला उठले. नहाणीजवळ ते झुडूप आता नुसत्या काड्या होऊन उभं होतं. त्यांनी त्याच्या बुडाशीच चूळ भरली. परत ओसरीवर येऊन, सदऱ्याला हात पुसत, ते बाबांना म्हणाले, "परीक्षा होऊ द्या. मे महिन्यात तारीख काढा. पोरगी शिकन. माह्या पोराच्या आधी हेडमास्तरीन झाली तरी चालन."

शांता दाराच्या आड होती. तिनं माझा दंड धरला, तो इतक्या जोरात की दुसऱ्या दिवशी शाळेत हात वर करताना दुखत होता.

पुढचं सगळं नोंदता येण्यासारखं आहे. शांता मॅट्रिक झाली. मेमध्ये बुद्धवंदना होऊन लग्न लागलं. त्याच वर्षी तिनं अध्यापक विद्यालयात प्रवेश घेतला. दौलतराव बोलल्याप्रमाणे वागले. तिच्या शिक्षणाला घरातून कुणी आडकाठी केली नाही. ती रिसोड आणि मालेगाव भागातल्या शाळांत शिकवत राहिली आणि मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाली. नहाणीजवळचं झाड त्या उन्हाळ्यात वाळलं. सखुबाई, दौलतराव, बाबा, माय, या क्रमानं ती माणसं गेली.

शांतानं मायला एकदा विचारलं होतं. पहिल्या बाळंतपणाला ती किन्हीराजाला आली होती तेव्हा. माय बाळाला तेल लावत होती. शांता म्हणाली, "माय, खरं सांग, तो सबजाच होता ना?" मायनं बाळाला पालथं केलं आणि म्हणाली, "झाड होतं बाई. कामाले आलं."

शांताच्या मते हा होकार आहे. मायला तुळस ठेवायची असती तर तिनं ती दडवून ठेवली असती. नहाणीच्या पाण्यावर कोण वाढवतं? मला हे पटतं. मग वाटतं, दडवून ठेवायची तर नहाणीच्या पाण्यावरच वाढवावी लागेल. मग तेही पटतं. आणि नुसत्या खोकल्यासाठी लावलेली असेल, तर त्याला नाव काय द्यायचं, हे मला समजत नाही.

काल रात्री फोनवर आम्ही पुन्हा सगळं पहिल्यापासून मांडलं. शांता वैतागली. "तू काय घेऊन बसली, कमल? पन्नास वरसं झाले. माहं लगन झालं, नोकरी झाली, पेन्शन चालू हाय. आता पानाची चौकशी कायले?"

"मले चव आठवून नाही राह्यली," मी म्हटलं.

"मले आठवते. छान होती."

"कशासारखी होती?"

पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता. "तिखट होती," ती म्हणाली.

मी म्हटलं, ठीक आहे. पानाचं सोड. पाहुणे गेल्यावर काय झालं ते सांग. मी मध्ये बोलत नाही.

तिनं सांगितलं. मी ऐकत गेले आणि पहिल्यांदाच एकही गोष्ट खोडावी लागली नाही. पाहुणे नातलगाकडे झोपायला गेले, बाबा त्यांना पोचवायला गेले. परातीतले सरगुंडे संपले होते. मायनं मूठभर आणखी उकळले. आम्ही तिघी चुलीपाशी बसलो. शांतानं आणि मी चटणी घेतली. ती उरली होती, पाट्यावर आणखी एका माणसाला पुरेल एवढी, आणि तेलाची वाटी शेजारी होती. मायनं आपल्या ताटलीत सरगुंडे घेतले, त्यावर गुळाचं पाणी ओतलं आणि ती जेवली.